ढिल्या पट्ट्याचं लेथ

जावेचा पदर चकमध्ये गेला होता आणि मी तिची कंबर सोडली.

तोवर मी तिला दोन्ही हातांनी मागे ओढत होते आणि चक, लेथचा तो फिरता जबडा, तिला पुढे ओढत होता. डोक्यावरचा पदर घसरून गळ्याभोवती पीळ बसला होता. तिचं तोंड त्या फिरत्या लोखंडापासून वीतभर राहिलं होतं. स्विच होता पलीकडे, दाराशेजारी भिंतीवर. तिथे जायचं तर लेथला वळसा घालावा लागणार होता, आणि वळसा घालायचा तर तिला सोडावं लागणार होतं. सोडलं की उरलेली वीतही जाईल असं दिसत होतं. धरून ठेवावं तर चौसष्टाव्या वर्षी माझ्यात तेवढं बळ नव्हतं. मी सोडलं.

त्या वेळचं सगळं मला अजून सावकाश दिसतं. पडवीच्या पत्र्यात एक पारदर्शक तुकडा बसवलेला आहे. त्यातून उजेडाचा चौकोन खाली येतो. त्या चौकोनात पितळेची धूळ तरंगत होती, वर जात होती, खाली येत होती. कुणालाच घाई नव्हती. एका हिरव्या खणाचं टोक फिरत होतं. चामड्याचा पट्टा ओरडत होता. दारातल्या तुळशीवर चिमणी बसली होती आणि ती उडालीसुद्धा नाही. मी चालत होते आणि तीन पावलांची जागा संपत नव्हती.

हे लेथ मीच निवडलं होतं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी दुसरं घे म्हणून सांगितलं होतं. मी हेच का घेतलं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही दोघी जावा पंचवटीच्या मागच्या अंगाला राहतो. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. मी थोरली, ती माझ्या धाकट्या दिराची बायको. दोघींचे नवरे गेले, तिचा आधी, माझा नंतर. ती सटाण्याकडची. इथे राहून तिची भाषा अर्धी नाशिकची झाली आहे, पण घाबरली किंवा चिडली की सगळी सटाण्याची होते. तिने तोंड उघडलं की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून मी तिला सटाण्याचा कांदा म्हणते. ती मला बाई म्हणते. पण ते कसं म्हणते ते ऐकायला हवं. आमचे अबोले पुष्कळ झाले. अबोल्यातही चहा दोन कपच व्हायचा.

मी चौथी शिकले. पुढे भांड्यांच्या एका दुकानात पितळ घासायला बसले, ती तीस वर्षं बसले. तिथे लोक जुन्या समया उजळायला आणायचे. समई तुकड्यांची असते. खाली बैठक, त्यावर दांडा, त्यावर तेलाची थाळी, वर शेंडा. हे तुकडे आट्यांनी, स्क्रूसारखे पिळून, एकमेकांत बसतात. वर्षानुवर्षं काढून घासायची, परत पिळून बसवायची, यात आटे झिजतात आणि समई डुलायला लागते. मग लोक आट्यांवर दोरा गुंडाळतात. दोऱ्यात तेल मुरतं, दोरा कुजतो आणि एखाद्या सणाला पेटती समई आडवी होते. आमचा दुकानदार अशी समई बघून म्हणायचा, मोडीत द्या आणि नवी घ्या. मला ते पटायचं नाही. दांड्याला काही झालेलं नसतं. चार आटे गेलेले असतात.

आटे पाडून मिळायचे अंबडला, कारखान्यांच्या वसाहतीत, म्हणून मी अशा समया घेऊन तिथे जायला लागले. तिथल्या एका शेडमध्ये एक मिस्त्री लेथवर होता. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. चहाच्या सुट्टीत तो माझी समई चकमध्ये धरायचा आणि कुरकुरायचा.

"मावशी, तुमच्या समईचा आटा कुठल्याच पुस्तकात नाय."

"समई पुस्तक वाचून बनवलेली नाही."

"मग मी कसा पाडू?"

"तिला विचारून पाड."

तो हसायचा आणि पाडायचा. सुरुवातीला मी नुसती उभी राहायचे. मग मी तेल सोडायला लागले. मग त्याने एक दांडी फिरवायला दिली. पुढची दोन वर्षं त्याचा चहा मी आणायचे आणि तो पिऊन होईपर्यंत लेथ माझ्या हातात असायचं. पितळ कापताना त्याचे लांब वेटोळे निघत नाहीत, बारीक सोनेरी सुया उडतात. त्या बांगड्यांत, केसांत, भुवयांत बसतात. परतीच्या बसमध्ये शेजारची बाई एकदा म्हणाली, "लग्नाहून आलात का?" मी हो म्हटलं. समजावून कोण सांगणार?

मग त्या शेडच्या मालकाने काम आवरलं. मिस्त्रीला मोठ्या कारखान्यात पाळी मिळाली आणि तिथे बाहेरचा खिळासुद्धा आत नेऊ देत नाहीत. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "आता घरीच घ्या एखादं लेथ." तो गंमत करत होता. माझ्याकडे सात समया पडून होत्या, तीन लोकांच्या, चार वणीच्या एका पूजासाहित्याच्या दुकानदाराच्या. मी ते गमतीत घेतलं नाही.

स्वप्नावर माझा विश्वास नाही, पण जे पडलं ते सांगते. त्या आठवड्यात जेवण करून दुपारी आडवी झाले की तेच दिसायचं. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदेच्या, पात्रात गुडघाभर पाण्यात एक लेथ उभं आहे. त्याला वायर नाही, मोटार नाही. पाणी वाहतं तेवढ्यावर ते फिरतं आहे. वरच्या अंगाने पेटलेल्या समया तरंगत येतात, लेथजवळ जरा थांबतात आणि पुढे जातात. एकही डुलत नाही. मी काठावर बसून बघते आहे आणि माझे पाय कोरडे आहेत. तीन दुपारी हेच दिसलं. चौथ्या दिवशी मी जावेला सांगितलं की लेथ घ्यायचं आहे.

"हाई काय शे व बाई?" ती म्हणाली. "या वयात लोक काशीला जातात."

"काशीला आटे पाडून मिळत नाहीत."

"ठेवशील कुठे?"

"पडवीत."

"मनी तुळस?" पडवीच्या दारातली तुळस तिची.

जागा दोघींची, पैसेही दोघींचे, म्हणून तिच्या होकाराशिवाय चालणार नव्हतं. दोन दिवसांनी ती भाकरी थापता थापता म्हणाली, तुळशीच्या आड येत नसेल तर आण. तिचा होकार असाच असतो.

पहिलं लेथ पाहिलं ते दुकानातलं, कोरं, टेबलावर मावणारं. विकणाऱ्याने टाय लावला होता. त्याने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "आजी, नातवाला हवंय का?"

"मला हवंय."

"तुम्हाला म्हणजे..."

"मला म्हणजे मला. चालू करा."

मी पिशवीतून पितळेचा दांडा काढून दिला. त्याने लावला. हत्यार टेकलं आणि सगळं यंत्र थंडीत दात वाजावेत तसं वाजायला लागलं. दांड्यावर लाटा उठल्या. मी वरून तळहात दाबून धरला तर टेबलासकट हललं.

"आजी, हे हॉबीसाठी असतं."

"म्हणजे?"

"आवड म्हणून."

"आवड मला आहे. वजन याला नाही."

त्याने पाणी विचारलं. मी पाणी प्यायले आणि आले.

मग अंबडला, जुन्या यंत्रांच्या एका व्यापाऱ्याकडे. मिस्त्रीला साप्ताहिक सुट्टी होती, तो बरोबर आला. मोठं गोदाम. बंद पडलेल्या वर्कशॉपमधली लेथं तिथे रांगेने उभी होती, ताडपत्र्या पांघरून. आत तेलाचा जुना गार वास होता. वरून कबुतरांचा आवाज येत होता आणि झरोक्यांतून उजेडाच्या तिरप्या पट्ट्या येत होत्या. दुपारी माणसं झोपलेल्या खोलीत शिरल्यावर आपण आवाज उतरवतो, तसा मिस्त्रीने उतरवला. मीही. व्यापारी तेवढा मोठ्याने बोलत होता. त्याने एक ताडपत्री ओढली. खाली ताजा हिरवा रंग आणि बोटभर ग्रीस.

"लोणी आहे मावशी, लोणी. हात लावून बघा."

मी फडक्याने ग्रीस पुसलं आणि लेथचा बेड, म्हणजे ज्या लांब पट्ट्यांवरून हत्याराचा गाडा सरकतो तो, टोकापासून नखाने बघत आले. चकच्या अलीकडे वीतभरावर नख खाली उतरलं.

"इथे खड्डा आहे."

"कुठे खड्डा? दिसतोय का खड्डा?"

"पाटा जिथे वाटतात तिथेच झिजतो," मी म्हटलं. "टोकाला कोण वाटतं?"

मिस्त्रीने खिशातून त्याचं घड्याळासारखं मापाचं यंत्र काढून लावलं, काटा बघितला आणि मान हलवली. व्यापारी म्हणाला, "मावशी, नख आहे का काय आहे?" तीस वर्षं पितळ घासल्यावर नखाला एवढं कळणारच. त्यात कौतुकाचं काही नाही.

त्याच रांगेत एक चांगलंही होतं. बेड सरळ, आवाज गोड. मिस्त्रीचं मन त्याच्यावर बसलं. "ऑल गिअर आहे मावशी. हेच घ्या. वेग बदलायला नुसता दांडा ओढायचा. पट्टाबिट्टा काही नाय. ताकद लय. काहीही अडकू द्या, हे थांबत नाय."

हे त्याने कौतुकाने सांगितलं होतं. मीही कौतुक म्हणूनच ऐकलं.

"आतले गिअर दाखव," मी म्हटलं.

"ते बंद पेटीत असतात. तेलात."

"मग आत काय चाललंय ते मला कसं कळणार?"

"कळायची गरज नाय."

"मग मला नको."

"मावशी!"

मला जे दिसतं तेच मला समजतं. बंद पेटीत बिघडलं तर मी कुणाला तरी बोलावणार, तो आत हात घालणार, मी बाहेर उभी राहणार. उभी राहायला मी अंबडला येतच होते. शिवाय त्याला थ्री फेज वीज लागणार होती, आणि आमचा मीटर पंखा, मिक्सर एवढ्याचाच.

सगळ्यात मागे भिंतीला लागून एक होतं. त्याच्यावर ताडपत्रीही नव्हती. काळं पडलेलं, रंग कधीचा गेलेला. खालच्या तेलाच्या ताटात एक मांजर व्यालेली होती. याला कोन पुलीचं लेथ म्हणतात. चक फिरवणारं चाक तीन पायऱ्यांचं, मागे मोटारीकडे तसंच उलटं चाक, आणि दोघांमध्ये चामड्याचा रुंद पट्टा. वेग बदलायचा तर पट्टा हाताने एका पायरीवरून दुसरीवर ढकलायचा. आटे पाडायचे गिअर बाजूला उघडे, दात मोजता येतील असे. मी चक हाताने फिरवला. पट्ट्याचा जोड चाकावरून गेला आणि टक् झालं. पुन्हा फिरवला. टक्. मी बराच वेळ फिरवत राहिले. मांजरीने एकदा मान वर करून बघितलं आणि परत ठेवली.

"हे आजोबांच्या काळातलं," मिस्त्री म्हणाला. "पट्टा घसरतो याचा. जरा जास्त काप घेतला की चक उभाच राहतो, आणि पट्टा नुसता बोंबलत बसतो."

"मग काय होतं?"

"काम अडतं."

"माझं काम अडलं तर मला विचारणारा कोण आहे?"

नख या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं. मिस्त्रीचा काटाही फारसा हलला नाही. व्यापाऱ्याने मला पुन्हा हिरव्याकडे न्यायचा प्रयत्न केला, मग कंटाळून म्हणाला, "घ्या. मांजर फुकट." मांजर मी घेतली नाही.

मिस्त्रीने पट्टा बघून मला राळेचा एक खडा दिला. "रोज जरा पट्ट्याला घासा म्हणजे चाक घट्ट पकडेल. आणि पट्टा ढिला आहे, मी येऊन कापून लहान करून देतो." मी हो म्हटलं. राळ मी एकदाच हातात घेतली. ती बोटांना चिकटली, तिच्यावर पितळेची धूळ चिकटली आणि नंतर मळलेल्या कणकेत उतरली. मी ती डब्यात घालून फळीवर ठेवली. ढिला पट्टा तर मला बराच होता. माझा खांदा दुखतो, आणि ढिला असला की तो एका पायरीवरून दुसरीवर सहज जायचा.

लेथ टेम्पोतून आलं. चार हमाल आणि साखळीची कप्पी लागली. तुळस दोन वीत सरकवावी लागली, त्यावरून एक भांडण झालं. मिस्त्रीने वायर जोडली. स्विच कुठे लावू म्हणाला. मी म्हटलं, दाराशी, म्हणजे जाता-येता हाताला येईल. यंत्राच्या कामात एवढी वर्षं घालवलेल्या माणसाने तेव्हा मला नाही म्हणायला हवं होतं, आणि मीही विचार करायला हवा होता. दोघांनी केला नाही. जाताना तो सांगून गेला, रोज सकाळी पाच मिनिटं रिकामं फिरवा, तेल सगळीकडे जाऊ द्या.

त्या संध्याकाळी जाऊ म्हणाली, "घरात नवं माणूस आलं. ओटी नको भरायला?"

"माणूस नाही ते. ओतीव लोखंड आहे."

"वणीच्या गडावरच्या देवीला खण चढतो. हिला का नको?"

"भरणार कोण? तू का मी?"

आमच्यात विधवेने ओटी भरायची नसते. ती हळूच म्हणाली, "शेजारणीला बोलावू."

"जिच्याकडून आपल्याला इतक्या वर्षांत हळदीकुंकवाचं एक बोलावणं नाही, तिला मी माझ्या लेथची ओटी भरायला बोलावू? खण पेटीत ठेव."

"तू ना बाई, तू लोखंडच शेस."

खण कुठला ते मला माहीत होतं. हिरवा, लाल काठाचा. तिचा नवरा असताना शेवटची ओटी भरली गेली तेव्हा तिला मिळालेला. तो तिने शिवला नाही, कुणाला दिला नाही. इतकी वर्षं पेटीत तळाशी होता. मला हे माहीत असूनही मी तसं बोलले. बोलले ते बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले असताना तिने काम उरकलं. लेथवर मी जुनी गोधडी टाकत असे. तिने ती उचलली आणि चकच्या मागच्या अंगाला खण घडी करून बांधला, देवीच्या कमरेला बांधावा तसा. वर चिमूटभर हळद, कुंकू, पाच दाणे तांदूळ. मग गोधडी परत टाकून ती चूल पुसायला आत गेली. नंतर तिने सांगितलं की दिवसभर तो तसाच राहू द्यायचा आणि संध्याकाळी गुपचूप काढून ठेवायचा असं तिने ठरवलं होतं. मी त्या दिवशी वणीला समया पोचवायला जाणार होते. गाडी चुकली म्हणून गेले नाही.

मी गोधडी ओढली ती तशीच बगलेत मारून दाराकडे गेले, यंत्राकडे न बघता. ओटीच्या त्या बोलण्यापासून आमचा अबोला होता आणि मी रागात होते. स्विच दाबला. परत येऊन लेथच्या पलीकडच्या अंगाला तेलाची बुधली घेतली. चक फिरत होता, पट्ट्याचा जोड टक् टक् करत होता. त्या आवाजाने मला नेहमी गुंगी येते. डोळे उघडे असतात, पण मी दुसरीकडे असते. त्या गुंगीत मला पारवा फडफडल्यासारखं ऐकू आलं. मी वर पत्र्याकडे बघितलं. पारवा नव्हता. खणाची गाठ सुटली होती.

तेवढ्यात जाऊ आतून धावत आली. "मना खण!" एवढंच म्हणाली आणि दोन्ही हात पुढे करून वाकली. तिच्या डोक्यावर कायम पदर. तो पुढे लोंबला, खणाबरोबर गेला, आणि ती ओढली गेली. मी बुधली टाकून तिच्या मागे धावले आणि तिची कंबर धरली. ओढलं. मग सोडलं. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

मी स्विचपाशी पोचले तेव्हा चक फिरत नव्हता. पट्टा फिरत होता, ओरडत होता, चामडं जळल्याचा वास सुटला होता, पण चक पदर गुंडाळून उभा राहिला होता. जाऊ दोन्ही हात लोखंडाला टेकून ओणवी तशीच होती. वीत तेवढीच होती. मी स्विच बंद केला. मग पत्र्याची कात्री आणून तिच्या गळ्याजवळ पदर कापला. ती खाली बसली, खोकली, खूप खोकली. तिचा चेहरा वांग्यासारखा झाला होता, तो हळूहळू माणसासारखा झाला.

"खण फाटना का व?" ती म्हणाली.

मी तिला एक चापट मारली. मग पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "तू मला सोडलंस."

"हो."

"का?"

"स्विच तिकडे होता."

तिने मान वळवून स्विचकडे बघितलं, मग माझ्याकडे. गळा चोळत म्हणाली, "मग इतका वेळ धरून काय करत होतीस?"

मी कात्री फळीवर नेऊन ठेवली.

शेजारच्या डॉक्टरांनी गळा पाहिला, मलम दिलं, चार दिवस कमी बोला म्हणाले. ती चार दिवस कमी बोलली नाही. त्या दुपारी आम्ही दोघी चकपाशी बसलो. खण आणि पदर जबड्यांत इतके घट्ट बसले होते की सुई घालून धागा धागा ओढावा लागत होता. हिरवा धागा, पांढरा धागा. उजेडाचा चौकोन तिच्या मांडीवरून माझ्या मांडीवर आला, मग भिंतीवर चढला. ती हिरवे धागे वेगळे ठेवत होती. कधी एखादा तांदळाचा दाणा निघायचा, तोही ती बाजूला ठेवायची. मला त्या दुपारी पुन्हा ते पाण्यातलं लेथ दिसलं, जागेपणी. समया जात होत्या. मी धागा ओढत राहिले.

मिस्त्री रविवारी आला. पट्ट्याला हात लावून त्याने दाबून पाहिलं.

"राळ लावली नाय?"

"नाही."

"ऑल गिअर घेतलं असतं तर," एवढं तो म्हणाला आणि थांबला. त्याने फळीवरचा राळेचा डबा उचलून आपल्या पिशवीत टाकला. पट्टा लहान करायचं नाव काढलं नाही. स्विच भिंतीवरून काढून लेथच्या पायापाशी आणला आणि शेजारी एक स्टूल ठेवलं.

लोक म्हणतात, तुला आधीच कळलं होतं म्हणून तू पट्ट्याचं घेतलंस. मला काही कळलं नव्हतं. मला आतलं दिसायला हवं होतं, माझा खांदा दुखत होता आणि राळ कणकेत उतरत होती. एवढंच.

आता ते लेथ पाच वर्षं चालतंय. जास्त काप घेतला की अजून उभं राहतं आणि बोंबलतं. मग मी कमी काप घेते. समया नाशिकच्या येतात, वणीच्या येतात, एकदा सटाण्याहून जावेच्या माहेरची आली. तिचे आटे मी पाडले आणि ती पेटवून जावेने तासभर बघितली, डुलते का म्हणून. काम चालू असताना जाऊ स्टुलावर बसते, हात स्विचवर. अंगात गाऊन असतो, केस फडक्यात बांधलेले. आयुष्यात पदर ढळू दिला नाही ती आता गाऊनमध्ये पडवीत बसते आणि दारावरून जाणाऱ्या शेजारणीला सांगते, "आम्ही कामावर शेतस." तिच्या गळ्यावर एक फिकी रेघ राहिली आहे, गार हवेत जरा दिसते. उरलेला खण तिने मधून शिवून पुन्हा पेटीत ठेवला.

त्या सकाळी पडवीत आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी धाकटी जाऊ. दोघी जिवंत आहोत.